पार्लर फुल्ल, मग स्नूकरपटू कुठेत?

काजूबोंड

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ... कुठल्याही एसटी स्टँडच्या आसपास दोन-चार गल्ल्या फिरलात की एखादं स्नूकर-पूल पार्लर सापडतंच. संध्याकाळी सहानंतर टेबल मिळत नाही. आमच्या इथे पोरं नंबर लावून बाहेरच्या कट्ट्यावर बसलेली असतात. त्यातली दोन-तीन खरोखर चांगली खेळतात. लांबचा रेड (लाल बॉल) सरळ पॉकेटात घालतात, त्यावर ब्लॅक, परत रेड, असं करत तीस-चाळीसचा ब्रेक (एका दमात मिळवलेले पॉइंट) मारून क्यू (खेळायची काठी) भिंतीला टेकवतात. मी आयुष्यात कधी वीसच्या पुढे गेलेलो नाही, त्यामुळे नुसता बघत बसतो.

ही पोरं पुढे जातात कुठे? कबड्डीत आपल्याकडची मुलं राज्यापर्यंत धडका मारतात. कॅरमचं तर बोलायलाच नको. स्नूकरमध्ये मात्र तालुक्याची वेस ओलांडून कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. खेळ काही परका नव्हे. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो सुरू केला, नियम उटीच्या क्लबात पक्के झाले. पंकज अडवाणीचा जन्म पुण्याचा, आणि बिलियर्ड्स-स्नूकर मिळून त्याच्या नावावर दोन डझनांहून जास्त जागतिक विजेतेपदं आहेत. तरी तरुण मुलं याच्याकडे व्यवसाय म्हणून का बघत नाहीत?

‘क्रिकेटने सगळं खाल्लं’ हे उत्तर कृपया नको. ते मलाही माहीत आहे.

शिरगावचा_शाम

क्रिकेटने सगळं खाल्लं.

(पळा...)

दर्यावर्दी

हे चेंबरलेन म्हणजे हिटलरशी करार करून आले तेच का? रिटायर झाल्यावर बरा उद्योग काढला म्हणायचा.

काजूबोंड

@दर्यावर्दी, नाही हो. ते पंतप्रधान वेगळे, हे लष्करातले वेगळे. नाव तेवढं एक.

खाडीपलीकडे

उत्तर सोपं आहे. आमच्या गावातल्या पार्लरच्या काचेला काळी फिल्म लावलेली. आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसत नाही, मग लोक आपापल्या मनाने भरून घेतात. खालच्या पायरीवर सिगरेटची थोटकं. मुलगा तिथे दिसला की संध्याकाळपर्यंत तीन जणांनी घरी येऊन सांगितलेलं असतं, ‘तुमचा बाबू हल्ली कुठे असतो बघा जरा.’

कॅरम बघा. मंडळाच्या खोलीत, गणपतीत देवासमोर, कुठेही चालतो. बोर्डावर दिवा खाली सोडलेला, आजोबा बाजूला पान जुळवत बसलेले. तिथे पोरगा रात्री बारापर्यंत बसला तरी कोणी हूं की चूं करत नाही. खेळ दोन्हीकडे नेम धरण्याचाच आहे.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळुणात पार्लर चालवतो, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय असं समजा.

आधी जागेचं गणित. स्नूकरचं टेबल बारा बाय सहा फूट. पण क्यू मागे खेचायला चारही बाजूंनी जागा लागते, त्यामुळे एका टेबलाला बावीस बाय सोळाची खोली धरून चाला. तेवढ्याच जागेत दाटीवाटीने पूलची दोन टेबलं बसवतात लोक. शिवाय पूलवर नवखा माणूसही दहा मिनिटांत दोन-चार बॉल घालून खूश होतो. स्नूकरवर तोच माणूस अर्धा तास एका रेडच्या मागे फिरतो आणि परत तोंड दाखवत नाही. नवीन पार्लरवाले स्नूकरचं टेबल का घेत नाहीत ते कळलं असेल.

टेबलाच्या पोटात स्लेटच्या पाच लाद्या. सगळं मिळून वजन टनाच्या वर. माळ्यावर चढवायची गोष्टच नको, म्हणजे बाजारपेठेत तळमजल्याचं भाडं भरा. आणि चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजला म्हणजे काय हे ज्यांनी २२ जुलै २०२१ बघितलाय त्यांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा स्लेट तेवढी शाबूत होती. कापड, कुशनचं (टेबलाच्या आतल्या कडेचं) रबर, लाकडाची चौकट, सगळ्यावर बोटभर चिखल. क्यूंचे तर धनुष्य झाले होते.

पूर सोडा, साधा पाऊसही पुरतो. कापड लोकरीचं असतं, ते ओल धरतं. मग बॉल जड चालतो, कुशनवरची उसळी बदलते, मे महिन्यात बसवलेला हात जुलैत उपयोगाचा राहत नाही. रोज सकाळी ब्रश मारायचा, तोही ‘डी’कडून (जिथून खेळ सुरू होतो त्या अर्धवर्तुळाकडून) ब्लॅककडे, एकाच दिशेने. मग त्याच दिशेने इस्त्री. इस्त्री मधेच थांबली की कापड करपलं म्हणून समजा. मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली हीटर असतात. मी स्लेटखाली बल्ब लावून बघितले. फरक पडतो. वीजबिलातही पडतो.

मालवणी_खाजा

टेबल बल्बार शेकवतंस? माझी आवस पावसात सुके बांगडे असेच चुलीच्या वर टांगून ठेवी. 😂

हलके घ्या हां वाशिष्ठीदादा. पुराचा वाचून वाईट वाटला.

साडेसातची_गाडी

सगळे भाड्याबद्दल बोलतायत, पण ते भाडं कोणाच्या खिशातून जातं हे कोणी लिहीत नाही. खरी मेख तिथे आहे.

पार्लरमध्ये नियम एकच. हरेल त्याने टेबलचे पैसे द्यायचे. म्हणजे शिकणारा पोरगा चांगल्या खेळणाऱ्याबरोबर उतरला की हरणार आणि पैसेही तोच भरणार. आठवडाभर असं झालं की पॉकेटमनी संपतो, मग तो आपल्यासारख्याच कच्च्या गड्याबरोबर खेळायला लागतो आणि तिथेच राहतो. उलट जो चांगला आहे त्याला टेबल फुकट. मग तो कशाला तोडीस तोड माणूस शोधेल? त्याला कच्चीच पोरं हवी असतात. कच्चा पैसे भरून शिकत नाही आणि पक्का फुकटात बिघडतो.

आमच्या कॉलेजजवळ असाच एक राजा होता. घालायचा अप्रतिम. सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा बॉल मिळू नये असा शॉट, मात्र त्याने कधी खेळलीच नाही, कारण समोरचा चुकणार ही खात्री. मित्रांनी भरीस घालून पुण्याच्या एका खुल्या स्पर्धेला नेला. पहिल्याच फेरीत समोर पोट सुटलेला, चष्मेवाला गृहस्थ. त्या गृहस्थाने लांबचा एकही रेड मारला नाही. प्रत्येक वेळी पांढरा बॉल हळूच ब्राऊनच्या नाहीतर यलोच्या मागे आणून ठेवायचा. आमच्या राजाला रेड दिसेनात. चिडून जोरात मारायचा, फाउल व्हायचा, आणि गृहस्थ उरलेलं शांतपणे गोळा करायचा. परतीच्या गाडीत राजा खोपोली येईपर्यंत बोलला नाही.

तिथे कळलं की तो चार वर्षं स्नूकर खेळलाच नव्हता, नुसतं पॉटिंग करत होता, म्हणजे बॉल घालत होता.

शिरगावचा_शाम

+१. ‘पक्का फुकटात बिघडतो’ हे पार्लरच्या भिंतीवर रंगवून घ्या.

वाशिष्ठीकाठ

@साडेसातची_गाडी, अर्धे-अर्धे भरा की दादा, मी कधी नको म्हटलं? तो नियम पोरांचा आहे. पैज नसली तर त्यांना मजा येत नाही. मला घड्याळाप्रमाणे पैसे मिळाल्याशी कारण.

साडेसातची_गाडी

तुमच्या घड्याळाप्रमाणे दोघांचं बिल वेगवेगळं फाडा आठवडाभर. मग बघू मजा कोणाला येत नाही ते.

गिरणगाव_ते_राजापूर

मुंबईची बाजू सांगतो. तिथे हा खेळ जिमखान्यांत वाढला. आमचे धाकटे काका राजापूरहून गेले आणि अशाच एका जिमखान्यात मार्कर म्हणून लागले. मार्कर म्हणजे पॉइंट मांडणारा, रंगीत बॉल परत जागेवर ठेवणारा, टेबल झाडणारा, इस्त्री करणारा. दुपारी जोडीदार नसलेल्या मेंबरबरोबर खेळायचं, हेही काम त्याचंच. त्या दुपारच्या खेळावर काका इतके तयार झाले की जुने मेंबर त्यांच्याकडे शिकायला उभे राहायचे. पण त्यांना ‘स्पर्धेचा फॉर्म भर’ असं कोणी कधी म्हटलं नाही आणि काकांच्याही मनात आलं नाही. संध्याकाळी शर्ट बदलून लोकलने घरी.

कोकणातले किती हात त्या टेबलांना लागले असतील याचा हिशोब नाही. फक्त ते हात झाडणाऱ्याचे होते.

आता अडवाणीचं उदाहरण घ्या. तो जन्माने पुण्याचा, पण घडला बंगळुरूत. तिथे राज्य संघटनेचा स्वतःचा हॉल आहे, अरविंद सवूर यांच्यासारखा शिकवणारा माणूस मिळाला. २००३ साली, वय वर्षं अठरा, चीनमध्ये जाऊन जागतिक हौशी स्नूकरचं विजेतेपद घेऊन आला. सिंधुदुर्गातल्या पोराला असा हॉल कुठे आहे? सगळ्यात जवळ म्हणजे गोवा नाहीतर पुणे.

दर्यावर्दी

काकांवरचा परिच्छेद आवडला.

थोडं अवांतर. हा खेळ आपल्याकडे कायम दुय्यमच मानला गेला. विल्सन जोन्स यांनी १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय. आजच्या पोरांना नाव विचारून बघा. मायकेल फरेरांनी तर १९८१ साली पद्मश्री नाकारली होती. गावसकरला पद्मभूषण, मग मला का नाही, असा रोखठोक सवाल. दोन वर्षांनी मिळालं पद्मभूषण.

शिरगावचा_शाम

बघा, आलंच ना क्रिकेट. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

गुहागर_ते_लेस्टर

उशिरा आले धाग्यावर. मी गेली काही वर्षं लेस्टरला असते, आणि योगायोगाने ‘क्यू स्कूल’ आमच्याच गावात होतं. जगभरातले हौशी खेळाडू फी भरून येतात आणि प्रोफेशनल टूरच्या मोजक्या कार्डांसाठी (म्हणजे टूरवर खेळायच्या परवान्यासाठी) खेळतात. नवऱ्याला नाद आहे म्हणून एकदा गेले होते. मोठ्या हॉलमध्ये ओळीने टेबलं, प्रत्येकावर एक सामना, आणि प्रेक्षकांत बहुतेक करून खेळणाऱ्यांचे आईवडील. हरलेली मुलं क्यूची पेटी मांडीवर घेऊन पार्किंगमध्ये बसली होती.

वरचं चित्र असं. टूरवर साधारण १२८ जण. कार्ड दोन वर्षांचं. त्या दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसांच्या रकमेवर क्रमवारी लागते, पहिले ६४ टिकतात, बाकीच्यांची पुन्हा धडपड. जागतिक विजेत्याला पाच लाख पौंड मिळतात, बातमी त्याचीच होते. तळातल्या माणसाचा प्रवास, हॉटेल, सरावाचं टेबल हे सगळं त्याच्या खिशातून. स्पर्धा मुख्यतः ब्रिटन आणि चीनमध्ये, म्हणजे भारतातल्या मुलाला इथे खोली घेऊन राहणं आलं. अडवाणीने २०१२ ते २०१४ हे करून बघितलं, २०१३च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीही गाठली, आणि मग कार्ड सोडून परतला. मुंबईचा आदित्य मेहता २०१३च्या इंडियन ओपनमध्ये थेट अंतिम फेरीत गेला, तिथे डिंग जुनहुईने हरवलं. मुंबईचाच ईशप्रीत सिंग चढ्ढा २०२३मध्ये टूरवर आला. एवढ्या मोठ्या देशातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं.

आणि इथल्या मुलांचं काही वेगळं चाललंय असं समजू नका. इथलेही क्लब बंद पडतायत. ओ’सलिव्हन, हिगिन्स आणि विल्यम्स हे तिघेही १९७५चे, तिघेही १९९२ साली प्रोफेशनल झाले, आणि अजून जागा अडवून बसलेत. शेफील्डला झालेल्या २०२५च्या जागतिक अंतिम सामन्यात विल्यम्स पन्नास वर्षांचा होता. चीनच्या अठ्ठावीस वर्षांच्या झाओ शिनतोंगकडून १८-१२ हरला.

मालवणी_खाजा

म्हणजे म्हातारे खुर्ची सोडणत नाय ता ग्रामपंचायतीपासून शेफील्डपर्यंत सारख्याच.

खाडीपलीकडे

झाओचं नाव आलंच आहे तर पुढचंही लिहितो. २०२३ साली मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली. झाओ त्यातलाच. स्वतःचा सामना त्याने विकला नव्हता, पण दुसऱ्याच्या प्रकरणात हात होता आणि सट्टाही लावला होता. वीस महिने बाहेर. दोघांवर तर जन्मभराची बंदी. हे कळल्यावर कोणता बाप पोराच्या हातात क्यू देईल?

गिरणगाव_ते_राजापूर

@खाडीपलीकडे, क्रिकेटमध्ये फिक्सिंग झालं तेव्हा कोणी पोरांच्या बॅटी काढून घेतल्या नाहीत. आणि तो झाओ बंदी संपल्यावर हौशी म्हणून पात्रता फेरीतून खेळत आला आणि जगज्जेता झाला, हेही लिहा की.

मुळात तळातल्या खेळाडूच्या ताटात काही नसेल तर कोणीतरी पाकीट पुढे करणारच.

नारळीबाग

नोकरीचा मुद्दा राहिला. १९९८ ते २०१० एशियाडमध्ये क्यू खेळ होते. अडवाणीने दोह्यात आणि ग्वांगझूत सुवर्ण आणलं. मग यादीतून गेले. ऑलिंपिकमध्ये तर कधीच नव्हते. सरकारी बक्षिसं आणि पाठबळ याच यादीकडे बघून ठरतं, त्यामुळे उतरंड तिथेच घसरते. तरी पेट्रोलियम कंपन्या आणि रेल्वे क्यू खेळाडूंना नोकरी देत आल्यात. अडवाणी स्वतः ओएनजीसीत. पण त्यासाठी आधी राष्ट्रीय पातळीवर दिसायला हवं, आणि आपल्या पार्लरमधल्या पोराला राज्य निवड कुठे असते, नाव कोणाकडे द्यायचं, एवढंसुद्धा माहीत नसतं. कबड्डीत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कारण मंडळाचा एक दादा जिल्हा संघटनेत असतोच.

माडाखालची

माझा मुलगा आठवीपासून खेळायचा म्हणून लिहिते. आम्ही कुडाळजवळचे. त्याच्या बाबांनी कधी अडवलं नाही. अधूनमधून शनिवारी गाडीने मडगावला घेऊन जायचे, तिथे चांगले खेळणारे भेटायचे. येताना खूश असायचा. कोणी काय शिकवलं ते जेवताना ताटाभोवती वाट्या मांडून दाखवायचा. आमटीची वाटी ब्लॅक, ताकाचा पेला पांढरा बॉल.

इथे लोक पैसे, बदनामी, नोकरी म्हणतायत. आमच्याकडे तसं काही आड आलं नाही. तो स्वतःच थांबला. सोमवार ते शुक्रवार त्याच्या तोडीचं इथे कोणीच नव्हतं. एकदा म्हणाला, ‘आई, मीच बॉल लावतो, मीच घालतो, मीच परत लावतो.’ बारावीनंतर पुण्याला गेला, आता नोकरी करतो. क्यू कपाटावर आहे. मला त्यात रडण्यासारखं काही वाटत नाही. खेळला, मजा केली.

धाकटीचं मात्र डोक्यात राहिलंय. तिनेही विचारलं होतं, ‘दादाबरोबर जाऊ?’ पार्लरवाल्याने हो म्हटलं. शेजारणींनी नाही म्हटलं. आम्ही शेजारणींचं ऐकलं.

गुहागर_ते_लेस्टर

@माडाखालची ताई, धाकटीसाठी: २०२५मध्ये दोह्यात अनुपमा रामचंद्रनने महिलांचं जागतिक स्नूकर विजेतेपद जिंकलं. चेन्नईची मुलगी. तिकडेही शेजारणी असतीलच.

साडेसातची_गाडी

ताईंचा प्रतिसाद वाचून माझा मुद्दा जरा सुधारून घेतो. पैसे अर्धे-अर्धे केले तरी तोडीचा गडी नसेल तर काय करणार? एका गावात एकच चांगला, दुसऱ्या गावात एकच चांगला, मधे साठ किलोमीटर आणि शेवटची एसटी साडेसातला.

काजूबोंड

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

मूळ प्रश्नाकडे येतो. नारळीबाग आणि माडाखालची ताईंनी जे लिहिलंय ते मला सगळ्यात पटतं. लेस्टरच्या टूरपर्यंत पोचणं ही फार लांबची गोष्ट. आपली पोरं कुडाळहून कणकवलीपर्यंतच पोचत नाहीत. चार तालुक्यांतल्या पार्लरवाल्यांनी मिळून महिन्यातून एक रविवार धरला, प्रत्येक वेळी वेगळं गाव, टेबलचं भाडं प्रवेश फीमधून, तर निदान हे एकेकटे राजे एकमेकांसमोर येतील. पोट सुटलेले गृहस्थही बोलवा एक-दोन.

खाडीपलीकडे

आधी काचेवरची काळी फिल्म काढा. मग मी माझ्या पुतण्याला घेऊन येतो.

वाशिष्ठीकाठ

फिल्म काढतो. दुपारच्या उन्हाने कापड विटलं तर नवीन कापडाची वर्गणी तुमच्याकडून.

रविवारचं मला जमेल, पण सकाळी. संध्याकाळचं गिऱ्हाईक सोडता येणार नाही. आठ ते बारा टेबलं अठराच्या आतल्या मुलामुलींना देतो, अर्ध्या भाड्यात. पैज नाही, हरणाऱ्याने भरायचं नाही. पहिला रविवार गणपती झाल्यावर, तोपर्यंत कापडही सुकेल. व्यनि करा.

नारळीबाग

उत्तम. निवडीचं विचारून ठेवतो राज्य संघटनेकडे. माझा मुलगा दहाचा आहे, आणला तर चालेल का? टेबलाच्या मध्यापर्यंत हात पोचत नाही त्याचा.

वाशिष्ठीकाठ

आणा की. लांबच्या शॉटला क्यू टेकवायची रेस्ट आहे. नाहीतर घरून पाट घेऊन या, त्यावर उभा राहील.

साडेसातची_गाडी

पाटावर उभा राहिला तर फाउल. मारताना निदान एक पाय जमिनीला टेकलेला हवा.

मालवणी_खाजा

पाट जमिनीक टेकलेलो आसा मां?

साडेसातची_गाडी

नियमात पाटाबद्दल काही नाही. पाय म्हटलंय.

शिरगावचा_शाम

कितीचा फाउल?

साडेसातची_गाडी

कमीत कमी चारचा.